अकरा वीसची पुरवणी

मोजणी खात्यातून निवृत्त होऊन मला चौदा महिने झाले होते, आणि तेवढ्या काळात आमच्या घरात मी न उघडलेला एकही स्क्रू उरला नव्हता. मला स्वस्थ बसवत नाही. तीस वर्षं अम्मानच्या टेकड्या मोजत हिंडलेल्या माणसाला सोफ्यावर बसवून हातात रिमोट दिला तर तो रिमोट उघडणारच, यात त्याचा काय दोष? पण आमच्या हिच्या, म्हणजे उम्म लुजैनच्या मते, मी पाच मिनिटं एका जागी बसलो तर थर्मामीटर आणावा.

आम्हाला एकच मुलगी, लुजैन. आमच्याकडे आईबापांना थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, अबू म्हणजे अमक्याचा बाप, उम्म म्हणजे अमक्याची आई. ही झाली तेव्हा लोक म्हणाले, तूर्त अबू लुजैन म्हणू, मुलगा झाला की बदलू. मुलगा काही झाला नाही आणि नावही बदललं नाही. हुद्दे मला बरेच मिळाले, पण त्यातला एकही मला या नावाइतका आवडला नाही.

तर लुजैन फार्मसिस्ट. दोन वर्षं अर्ज पाठवत होती, आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मस्कतच्या एका मोठ्या हॉस्पिटलातून तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत संगणकावर, कॅमेऱ्यासमोर. फोनवरून चालणार नाही, असं त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं. त्याच संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलाचा डुगडुगणारा पाय घट्ट करायला खाली शिरलो. टेबलावर मरमियाच्या सुगंधी पाल्याचा चहा होता आणि चहाशेजारी लुजैनचा लॅपटॉप. पुढचं सांगत नाही. पाय मात्र आजही डुगडुगत नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

इमारतीत बातमी पसरायला जिना पुरेसा असतो. तळमजल्यावरचे अबू शुक्री सर्वांत आधी आले. ते लष्करात वायरलेसवर होते, त्यामुळे वायर असलेल्या आणि नसलेल्या सगळ्याच गोष्टींवर ते अधिकाराने बोलतात. त्यांनी लॅपटॉप तांदळात पुरायला सांगितला. चौथ्या मजल्यावरच्या उम्म निझार म्हणाल्या, नजर लागली, आणि त्यांनी एक निळा मणी आणून दिला. दुसऱ्या मजल्यावरच्या इंजिनियर बासिलने लॅपटॉप उघडून पाहिला, बंद केला आणि दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. मग आमच्याकडे काकाला हाक मारतात तशी मारून म्हणाला, "अम्मो, मुलाखत माझ्या घरी होऊ दे. माझा संगणक तुमचाच समजा."

हे बोलणं चांगुलपणाचं होतं, म्हणूनच मला जास्त लागलं. चहा सांडला मी, आणि मुलीने मुलाखत द्यायची शेजाऱ्याच्या घरी? मी म्हटलं, माळ्यावर माझा जुना संगणक आहे, तो मी उभा करून दाखवतो. तो संगणक सतरा वर्षांचा होता. बासिलने तो पाहिला आणि पुन्हा हात चेहऱ्यावरून फिरवले.

पण पोरगा भला. त्याने स्वतःचा एक छोटा कॅमेरा आणि एका पेनड्राइव्हवर लिनक्सची एक हलकी जात आणून दिली. इतकी हलकी की माझ्या त्या डब्यालाही झेपेल. तिची गंमत अशी, की ती चालू झाली की सगळी संगणकाच्या स्मृतीत जाऊन बसते, आणि संगणक बंद करताना विचारते, "केलेले बदल जतन करायचे का?" हो म्हटलं तर दुसऱ्या दिवशी सगळं जसंच्या तसं. नाही म्हटलं तर तुम्ही दिवसभर काय दिवे लावलेत ते ती साफ विसरते. मला वाटलं, अशी सोय माणसांत हवी होती.

डबा खरोखर चालू झाला. उम्म निझारांचा मणी मी त्याच्या कपाळावर चिकटवला. लुजैनने मला मिठी मारली आणि एकच अट घातली, "बाबा, हे असंच राहू दे. यात आता काहीही घालायचं नाही. कबूल?"

मी कबूल म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं होतं. पण मुलाखतीला नऊ दिवस होते. नऊ दिवस मी एका चालत्या यंत्राकडे नुसतं बघत बसायचं? त्यात बासिल जाता जाता बोलून गेला होता, की या लिनक्सला हव्या तेवढ्या पुरवण्या जोडता येतात, त्याही फुकट. तो त्यांना ॲड-ऑन म्हणतो. आमच्या खात्यात नकाशाला लावायच्या जादा कागदाला पुरवणी म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. आणि पुरवणीशिवायचा नकाशा माझ्या हातून कधी पुढे गेलेला नाही.

पहिली पुरवणी हवामानाची. ती कोपऱ्यात तापमान दाखवायची. सलग तीन दिवस तिने शून्याखाली एक दाखवलं, आणि आमची ही थंडी वाजते म्हणून शेगडी दिवसभर चालू ठेवू लागली. दुसरी, सूर्य मावळला की पडदा तांबूस करणारी, डोळ्यांना आराम म्हणून. अबू शुक्रींनी ते बघून यंत्र गरम झाल्याचं निदान केलं आणि त्याला खिडकीत ठेवायला लावलं. तिसरी होती मांजर. माउसचा बाण जिकडे जाईल तिकडे ते इवलंसं मांजर पळत जाई, आणि बाण थांबला की जांभई देऊन झोपे. त्याला झोपू द्यायचं नाही म्हणून मी एका सकाळी दीड तास बाण फिरवत होतो. हे मी फक्त इथे सांगतोय. चौथी, बॅटरी किती उरली ते दाखवणारी. माझ्या डब्याला बॅटरीच नव्हती. ती पुरवणी दर दहा मिनिटांनी लाल होऊन, आता सगळं संपणार, असं बजावत असे. ती मी काढणार होतो, पण तिच्यामुळे घरात जरा जाग राहायची.

मग आवाजाचं निघालं. हेडफोन घालायची खाच मोडलेली, आणि डब्याचा स्वतःचा आवाज आजारी माणसाचा. म्हणून मी जुन्या स्टिरिओचे दोन मोठे स्पीकर जोडले. एक टेबलावर बसला, दुसऱ्याला जागाच नव्हती, तो डक्टच्या खिडकीत ठेवला. आमच्या इमारतीच्या मधोमध उजेडासाठी सोडलेला हा डक्ट तळमजल्यापासून गच्चीपर्यंत जातो. थंडीत रस्त्याकडच्या खिडक्या सगळे बंद ठेवतात, त्यामुळे बाहेरचं जे काही ऐकू येतं ते या डक्टमधूनच.

पाचवी पुरवणी आठवणीची. आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येतं, आमच्या चढावर गुरुवारी, साडेअकराच्या सुमाराला. तेव्हा गच्चीवरच्या टाकीचा कॉक उघडायचा आणि वॉशिंग मशीन लावायचं, हे माझं काम. डिसेंबरात मी ते दोनदा विसरलो होतो आणि त्यावर घरात जे ऐकलं ते अजून कानात आहे. ही पुरवणी ठरल्या वेळी हवा तो आवाज करते. तिच्यात घंटा होती, बेडूक होता, पाण्याचा थेंब होता. पण बेडकाला अम्मानमध्ये कोण विचारतं? ज्या आवाजाला इथे बादशहासुद्धा आंघोळ सोडून बाहेर येईल असा आवाज एकच, गॅसच्या गाडीचा. ती सिलिंडर घेऊन गल्लीत शिरली की तोच एक सूर वाजवत फिरते. मी तो बाल्कनीतून फोनवर टिपला, पुरवणीत घातला आणि दर गुरुवारी अकरा वीसची वेळ लावली. मुलाखत बुधवारी होती, तेव्हा धोका काही नव्हता. मी तारखा बघूनच काम करतो.

या सगळ्यात टेलिफोन ऑफिसला दोन फेऱ्या झाल्या. मुलाखतीला लाइन जरा जलद हवी होती. खिडकीतल्या बाईंनी नाव पाहिलं आणि म्हणाल्या, ज्यांच्या नावावर लाइन आहे त्यांनी स्वतः यावं. लाइन माझ्या वडिलांच्या नावावर. ते जाऊन एकोणीस वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी मी मृत्यूचा दाखला नेला. बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि सांगितलं, दाखला तीन महिन्यांच्या आतला लागतो. म्हणजे त्यांना माणूस ताजा मेलेला हवा होता. मी माझ्या हुद्द्याचा उल्लेख केला. त्यांनी पुढचा नंबर पुकारला. शेवटी बासिलने त्याच्या वायफायचा पासवर्ड दिला, आणि माझ्या स्वाभिमानाचा तेवढा भाग तरी दुसऱ्या मजल्यावर गेलाच.

मंगळवारी लुजैनने रंगीत तालीम घ्यायची ठरवली. बासिल त्याच्या घरून प्रश्न विचारणार होता. तिने समोर बसून "सलाम अलैकुम" म्हणताच मांजर तिच्या कपाळावरून धावत गेलं, बॅटरी संपल्याची लाल पाटी तिच्या तोंडावर आली आणि संध्याकाळ झाली म्हणून तिचा चेहरा तांबूस झाला. लुजैन ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग दिसेल ती पुरवणी काढून टाकली, सगळं जतन केलं आणि आत निघून गेली. अकरा वीसची पुरवणी मात्र पडद्यावर दिसणारी नव्हती, म्हणून ती राहिली. ती बुधवारच्या कामाची नाही, म्हणून मीही बोललो नाही.

आणि बुधवारी सकाळी मस्कतहून निरोप आला. मुलाखत गुरुवारी, आमच्या अकरा वाजता.

संध्याकाळी मला पुरवणी आठवली आणि मी डबा चालू केला. ही दारात येऊन उभी राहिली. तिला वाटलं, मी आणखी काही जोडतोय. हातातलं फडकं खांद्यावर टाकून ती अगदी सावकाश म्हणाली, "अबू लुजैन, तुम्ही हे यंत्र नीट करत नाही आहात. तुम्ही ते बिघडायची वाट बघताय. पोरगी जाऊ नये म्हणून."

तेहतीस वर्षांच्या संसारात तिने मला आळशी सोडून सगळं म्हटलंय, पण त्यातलं काही असं आतपर्यंत गेलं नव्हतं. मी भडकलो. म्हटलं, दोन वर्षं तिचे अर्ज टपालात कोण टाकत होतं? ती स्वयंपाकघरात गेली. मी पुरवणी शोधून काढली आणि उडवली. बंद करताना लिनक्सने नेहमीचा प्रश्न विचारला, बदल जतन करायचे का? तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि चष्मा हातात होता. मी कोणतं बटण दाबलं ते मला आठवत नाही. मी हे शपथेवर सांगायला तयार आहे, पण कशाची शपथ घ्यावी तेच कळत नाही.

गुरुवारी अकराला लुजैन इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात डब्यासमोर बसली. मला दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला, हात मांडीवर ठेवून बसायची आज्ञा होती. पडद्यावर मस्कतच्या बाई आल्या. चष्मा, कडक चेहरा, समोर कागद. त्यांचा आवाज स्पीकरमधून असा काही निघाला की भिंतीवरची तसबीर थरथरली. दोन मिनिटांत मला कळलं, की ही मुलाखत डक्टमधून सबंध इमारत ऐकतेय. बाईंनी विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? लुजैन तोंड उघडायच्या आत वरून उम्म निझारांचा आवाज आला, "सासरी, इन्शाल्ला." बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.

त्या आठवड्यात बर्फाची बातमी होती. असं झालं की सगळं अम्मान गॅस भरून ठेवायला धावतं आणि गाड्या दिसेनाशा होतात. तीन दिवस आमच्या गल्लीत गाडी फिरकली नव्हती. प्रत्येक दाराआड एक रिकामं सिलिंडर आणि एक माणूस कान लावून बसलेला. हे मला माहीत होतं. फक्त ते आणि घड्याळातले अकरा वीस माझ्या डोक्यात एकत्र आले नव्हते.

बाई विचारत होत्या, "समजा, तुमच्या काउंटरसमोर गर्दी आहे. औषध संपलंय. प्रत्येकाला घाई आहे, प्रत्येक जण चिडलाय. तुम्ही काय कराल?"

आणि गॅसची गाडी वाजली. माझीच. त्या दोन स्पीकरांतून, डक्टमधून, तळापासून गच्चीपर्यंत.

पुढच्या अर्ध्या मिनिटात जिन्यावर जे झालं ते मी ऐकलं, पाहिलं नाही. दारं आपटली, सिलिंडर पायऱ्यांवर घणघणत उतरले, कुणीतरी "थांब रे, गाडीवाल्या" म्हणत अनवाणी पळालं. मी माउसकडे झेपावलो, पण पुरवणीची खिडकी मुलाखतीच्या मागे दडलेली, आणि बाण शोधता शोधता मी बाईंचा चेहराच छोटा करून कोपऱ्यात ढकलला. शेवटी लुजैननेच स्पीकरची वायर उपटली. एवढं झाल्यावर खालून शांतता आली, आणि ती शांतता हळूहळू जिना चढू लागली. रस्ता रिकामा आहे आणि सूर आमच्या तिसऱ्या मजल्यावरून आला, हे अबू शुक्रींनी ओळखलं. काही झालं तरी वायरलेसचा माणूस.

दार उघडंच होतं. आत सात सिलिंडर आले आणि त्यांच्यामागे सात माणसं. अबू शुक्री लाल. उम्म निझार चौथ्या मजल्यावरून सिलिंडर पायाने ढकलत आणल्यामुळे दम लागलेल्या. बासिल घरच्या चपलांवर. सगळे एकदम बोलू लागले आणि सगळ्यांच्या बोलण्यात माझं नाव होतं. मी परत सोफ्यावर जाऊन बसलो होतो. मुलीचं दोन वर्षांचं स्वप्न मी माझ्या हाताने गॅसवर ठेवलंय, एवढंच मला दिसत होतं.

लुजैन पडद्याला "एक मिनिट, मॅडम" म्हणाली आणि उठली. तिने आधी उम्म निझारांना धरून शेगडीजवळ बसवलं, पाणी दिलं, नाडी पाहिली. अबू शुक्रींना ती म्हणाली, अम्मो, तुमच्यासारखं काम कुणाला जमणार नाही, कुणाचं सिलिंडर कधी संपलं तेवढं विचारून रांग लावा. ते बोलायचं थांबले आणि विचारायला लागले. मग तिने फोन उचलून गॅसच्या एजन्सीला लावला. एका सिलिंडरसाठी तीन दिवस ज्यांनी फोन उचलला नव्हता, त्यांना ती शांतपणे सांगत होती, की एकाच इमारतीत सात सिलिंडर आहेत, सगळे खाली दारात ठेवलेले असतील, तुमच्या माणसाला एकही जिना चढावा लागणार नाही. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ती म्हणाली, अर्ध्या तासात चालेल. मग सगळ्यांकडे वळून म्हणाली, "गाडी येतेय. ज्याचं आधी संपलं तो आधी. म्हणजे उम्म निझार पहिल्या. आता मला दहा मिनिटं द्या, मी मुलाखतीत आहे."

सात माणसं सात सिलिंडर घेऊन चवड्यांवर बाहेर गेली. लुजैनने वायर पुन्हा जोडली, बाईंना कोपऱ्यातून ओढून मोठं केलं आणि केस मागे सारले.

"माफ करा, मॅडम. तुम्ही गर्दीचं काहीतरी विचारत होतात."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "त्याचं उत्तर मी लिहून घेतलं," त्या म्हणाल्या. "पुढचा प्रश्न."

गाडी अठ्ठावीस मिनिटांत आली. पत्र आठ दिवसांत आलं.

पत्र वाचून हिने सबंध जिन्याला ऐकू जाईल असा झग़रूता, म्हणजे आमच्याकडच्या बायका आनंदाने जिभेने काढतात ती लांबलचक ललकारी, काढली, आणि मग स्वयंपाकघराचं दार लावून रडली. मी लुजैनला गच्चीवर टाकीपाशी नेऊन त्या बटणाचं सगळं सांगितलं. म्हटलं, तुझी आई म्हणते ते खोटं नसेलही. तू जावंस असं मला वाटत नव्हतं. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "बाबा, मलाही जायचं नव्हतं. म्हणून तर इतके अर्ज करत होते, एखादा तरी मनाविरुद्ध लागावा म्हणून. नाहीतर तुम्हाला सोडून मी कधी हललेच नसते." मला त्यातलं सगळं कळलं नाही. मी कॉक घट्ट केला, तो आधीच घट्ट होता.

फेब्रुवारीअखेर ती गेली. त्या आठवड्यात मी त्या संगणकाला हातही लावला नाही. पण पहिल्या गुरुवारी बारा वाजता अबू शुक्री इमारतीच्या समितीचा ठराव घेऊन आले, खाली शिक्का मारलेला. आज सूर का वाजला नाही, असा त्यात खुलासा मागितला होता. झालं होतं असं, की सात सिलिंडर एका वेळी म्हटल्यावर एजन्सी आता दर गुरुवारी गाडी पाठवायला तयार होती, फक्त सगळ्यांनी एकदम खाली यायला हवं. सगळ्यांना एकदम खाली आणणारी गोष्ट अख्ख्या इमारतीत एकच होती. ठरावात माझा उल्लेख "माननीय" असा केला होता. मी तो फ्रेम करून घेतला.

तर पुरवणी परत लावली. आणि संगणक चालू झालाच होता, तेव्हा बसल्या बसल्या आणखी एक छोटीशी जोडली. कोपऱ्यात दुसऱ्या शहराचं घड्याळ. मस्कत आमच्याहून एक तास पुढे. ही आत आली, तिने ते पाहिलं आणि विचारलं, हे काय नवीन? मी सांगितलं. नेहमीप्रमाणे ती सगळं काढून टाका म्हणेल म्हणून मी माउसवर हात ठेवून तयारच होतो. तिने फडक्याने पडद्याचा तो कोपरा पुसला.

आता दुपारी एक वाजता ती आत डोकावते आणि म्हणते, दोन वाजले, पोरगी जेवली असेल. सकाळी सहाला उठून शेगडी लावायच्या आधी बघून जाते, सात वाजले, उठली असेल. आमच्या भिंतीवरचं घड्याळ गेल्या महिन्यात बंद पडलं, ते तिला ठाऊकही नाही. मी ते मुद्दामच उघडलेलं नाही.

काल मी संगणक बंद करत होतो. पडद्यावर तो नेहमीचा प्रश्न आला. लुजैनने तिला त्या बटणाचं सांगितलेलं दिसतंय, कारण ही मागे येऊन उभी राहिली, खांद्यावर फडकं टाकून, आणि म्हणाली, "चष्मा लावा आधी. मग दाबा."

मी चष्मा लावला. तिने माझ्या खांद्यावरून वाकून, माझ्याआधी, स्वतःच्या बोटाने 'हो' दाबलं.